चारशे पन्नास जीएसएम

नाना लॉजचे फोटो बघतात ते टॉवेलपासून.
सिंह नंतर.
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकवून:
"काठ बघ श्यामला. डॉबी धड बसलेली नाही.
एका रात्रीचे साठ हजार घेतात
आणि पाहुण्याला अंग पुसायला हे?"

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
बेचाळीस वर्षं माग ऐकून
त्यांचा डावा कान गेला, उजवा जायच्या बेतात.
आता एकदाच, म्हणतात, हत्ती ऐकायचाय.
पोटातून गुरगुरतो म्हणे तो,
इतक्या खालच्या आवाजात
की कानाला कळत नाही, छातीला लागतो.
"तो मला चालेल."

मी वहीत रकाने आखलेत.
पहिलं नदीकाठचं. सहा तंबू, लाकडी ओटे,
दर तंबूला स्वतःचा छोटा तलाव.
आईनं विचारलं, रोज भरतात?
मी म्हटलं, रोज.
ती बराच वेळ नुसती भाकरी थापत राहिली.

दुसरं टेकडीवरचं, काचेच्या भिंतींचं.
टबात बसलं की जिराफ दिसतो.
"आणि जिराफाला आपण?"
ते बाद.

तिसऱ्याला कुंपण नाही.
कुंपण नसण्याचे पैसे जास्त लागतात
हे नानांना पटवायला अर्धा तास गेला.
रात्री बाहेर पडायचं तर शिट्टी वाजवायची,
भाला घेतलेला माणूस येतो, सोबत चालतो.
नाना रात्री चारदा उठतात.
"झोपू द्या की ओ त्याला," आई म्हणाली,
"रातपाळीचाच आहे तोही."

शेंगाचटणी आणली तर चालेल का,
हे मी सगळ्यांना लिहून विचारलं.
एकाचंच उत्तर आलं: चालेल, पण तंबूत ठेवू नका,
माकडांना बॅगेची चेन उघडता येते.
आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

ते चौथं. नाव आमच्या जिभेवर बसत नाही.
सारवल्यासारख्या भिंती, आठ खोल्या, भाडं जरा बेतातलं
आणि पलंगावर, पांढऱ्या चादरीवर,
टॉवेलच्या घड्या घालून केलेला हत्ती.
नाना गप्प.
मग: "मोठं कर."
मग: "अजून."
एवढे विणले, मोजले, गाठी बांधून हॅम्बर्गला धाडले,
त्यात हा बसला होता
आणि कुणी सांगितलं नाही.

मार्चची रात्र. पंखा गरम हवाच ढवळतोय.
अडीचला खसफस झाली म्हणून उठले,
तर नाना बनियनवर, फरशीवर मांडी घालून,
पुढ्यात सेकंड्सचे टॉवेल.
पाय जमलेले. कानही, थोडे उंदरासारखे.
सोंड उभी राहीना.
"साडेतीनशेचा माल आहे," हळूच म्हणाले,
घरातल्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसं.
"सोंडेला चारशे पन्नास तरी पाहिजे."

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला
एक मोटर गुरगुरली.
मग दुसरी. मग फरशीच तळव्यांना लागायला लागली.
"नीळ्ळोच्चिनय!" आई अंधारातच उठली.
पाचव्या दिवसाचं पाणी.
दारं उघडली, घागरी, निळी पिंपं,
बोधूंची म्हातारी काठी टेकत,
वडनालांची पोरं झोपेतच चालत,
एकामागे एक, न बोलता,
लहानांना मधे घेऊन.

मी पाइप ओढत होते. नाना दारात उभे,
पंजा छातीवर.
"काय झालं, नाना?"
त्यांनी दुसऱ्या हातानं मला थांब म्हटलं.

आईनं पुढ्यातला हत्ती उचलला,
झटकला,
आणि नळाच्या गळक्या जोडाला गच्च गुंडाळला.

सकाळी वहीत चौथ्या रकान्यापुढे
नानांची बरोबरची खूण होती,
गाठीवर मारतात तशी, मोठी,
आणि खाली बारीक अक्षरात:
टॉवेल आपण घेऊन जाऊ.